वंशाचा रकाना आणि बाळंतपणाचा निर्णय

समीक्षा म्हटली की आपल्यापुढे कविता, कथा, आत्मकथने उभी राहतात. पण माणसाच्या जगण्यावर सर्वांत जास्त हुकमत चालवणारा मजकूर कवितेत सापडत नाही. तो केसपेपरवर, दाखल्यावर, सरकारी तक्त्यात असतो. या मजकुरालाही लेखक असतो. त्यालाही दृष्टिकोन असतो. काय घ्यायचे आणि काय गाळायचे याची निवड त्यातही झालेली असते. तरी त्याची समीक्षा कोणी करीत नाही, कारण तो स्वतःला साहित्य न म्हणवता शास्त्र म्हणवतो आणि शास्त्रापुढे सामान्य माणूस मान खाली घालतो. आपल्या समाजाने शास्त्र या शब्दापुढे शतकानुशतके मान खाली घातलेली आहे. म्हणूनच असा एक छोटासा मजकूर मी येथे समीक्षेसाठी घेत आहे.

हा मजकूर म्हणजे अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेले आणि पुढे संगणकावर कोणत्याही डॉक्टरला दोन मिनिटांत भरता येणारे एक गणित. ज्या बाईचे आधीचे बाळंतपण सिझेरियनने झाले आहे, ती पुन्हा गरोदर राहिली तर या खेपेला तिचे बाळंतपण नैसर्गिक मार्गाने होण्याची शक्यता शेकडा किती, हे ते सांगते. त्यासाठी काही प्रश्न विचारले जात. वय किती? उंची आणि वजन किती? याआधी कधी नैसर्गिक बाळंतपण झाले आहे काय? सिझेरियननंतर झाले आहे काय? पहिल्या वेळी वाट अडल्यामुळे सिझेरियन करावे लागले होते काय? आणि याच ओळीत आणखी दोन प्रश्न होते: बाई आफ्रिकन-अमेरिकन आहे काय? बाई हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश भाषिक लॅटिन अमेरिकेतून आलेल्या समाजाची आहे काय? या दोहोंपैकी एकाचे उत्तर ‘होय’ आले की शक्यतेचा आकडा खाली येई. बाकी सर्व बाबतींत दोन बायका अगदी सारख्या असल्या तरी काळ्या बाईचा आकडा गोऱ्या बाईपेक्षा कमी. २०२१ पर्यंत हे असे चालले.

या रकान्याचा अर्थ नीट समजायचा असेल तर आधी तो ज्या निर्णयासाठी होता, तो निर्णय समजून घ्यावा लागेल. १९१६ साली न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन या डॉक्टरने, एकदा सिझेरियन झाले की पुढे नेहमीच सिझेरियन, या अर्थाचे एक वाक्य लिहिले. ते वाक्य जगभर म्हणीसारखे पसरले आणि आपल्या तालुक्याच्या दवाखान्यातही ते आजतागायत ऐकू येते. क्रेगिनने ते लिहिले होते इशारा म्हणून. पहिले सिझेरियन उगाच करू नका, कारण त्याचे ओझे पुढच्या सर्व बाळंतपणांवर राहते, असे त्याला म्हणायचे होते. अपवाद असतात हेही त्याने नोंदवले होते. शिवाय त्या काळी गर्भाशयावर वरच्या भागात उभा छेद घेत आणि तो व्रण पुढच्या कळांमध्ये फाटण्याची भीती मोठी असे. १९२० च्या दशकात ग्लासगोच्या मन्रो कर यांनी गर्भाशयाच्या खालच्या भागात आडवा छेद घेण्याची पद्धत रूढ केली. हा व्रण पुष्कळच भरवशाचा ठरला. छेद बदलला, पण वाक्य तसेच राहिले. संदर्भ गळून गेलेले वाक्य आज्ञा बनते, ही गोष्ट स्मृतींच्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

आजचे ज्ञान असे सांगते: आधी एकच सिझेरियन, तेही खालच्या आडव्या छेदाचे झालेले असेल आणि बाईने कळांची वाट पाहायचे ठरवले, तर शंभरातल्या साठ ते ऐंशी बायका नैसर्गिक मार्गाने बाळंत होतात. आधी एखादे नैसर्गिक बाळंतपण झालेले असेल तर हे प्रमाण आणखी वाढते. धोका आहे तो जुना व्रण फाटण्याचा. तो हजारात पाच ते नऊ जणींच्या बाबतीत घडतो. घडला तर मिनिटांचा खेळ असतो आणि आई व मूल दोघांच्या जिवावर बेतते. औषधाने कळा आणल्या तर हा धोका वाढतो. कळा येऊनही शेवटी ऑपरेशनच करावे लागले, तर ते आधी ठरवून केलेल्या ऑपरेशनपेक्षा जास्त त्रासाचे ठरते. दुसऱ्या बाजूला, पुन्हा सिझेरियन करणे म्हणजेही नुसते सुरक्षित कुंपण नव्हे. प्रत्येक ऑपरेशनागणिक पोटातली आतडी, मूत्राशय चिकटत जातात. पुढच्या खेपेला वार जुन्या व्रणात रुतून बसण्याचा धोका वाढत जातो आणि अशा वेळी होणारा रक्तस्राव भयंकर असतो. म्हणजे दोन्ही वाटांवर काटे आहेत. कोणते काटे कोणी तुडवायचे, हे त्या बाईच्या प्रकृतीवर, तिला आणखी मुले हवीत की नकोत यावर, आणि जवळच्या दवाखान्यात रात्री दोन वाजता भूल देणारा डॉक्टर व रक्त मिळते की नाही यावर अवलंबून आहे. हा खराखुरा निर्णय आहे. म्हणूनच तो कोण घेतो, हा प्रश्न मोलाचा ठरतो.

आता गणिताकडे वळू. ते अमेरिकेतल्या १९ अध्यापन रुग्णालयांत १९९९ ते २००२ या काळात झालेल्या बाळंतपणांच्या नोंदींवरून बसवले होते. साडेसात हजारांहून अधिक बायकांची माहिती त्यात होती. संशोधकांनी आकडे तपासले तेव्हा काळ्या आणि हिस्पॅनिक बायकांची बाळंतपणे ऑपरेशनने संपण्याचे प्रमाण अधिक दिसले. ते दिसले हे खरे आहे. आकडे खोटे होते असा माझा आरोप नाही. परंतु त्याच नोंदींत, लग्न झालेले असणे आणि विम्याचा प्रकार यांचाही निकालाशी संबंध दिसला होता. अमेरिकेत विम्याचा प्रकार म्हणजे बाईच्या खिशाची सरळ ओळख. हे दोन घटक गणितात घेतले गेले नाहीत, वंश मात्र घेतला गेला. असे का? गरिबी समाजाने लादलेली आहे, तिला शरीराचा गुण कसे म्हणावे, असा संकोच तेथे कोणाला तरी वाटला असावा. वंशाच्या बाबतीत तो संकोच कोणालाही वाटला नाही. कातडीचा रंग म्हणजे शरीर आणि शरीर म्हणजे निसर्ग, हे आधीच गृहीत होते. मजकुराच्या लेखकाचा दृष्टिकोन नेमका या ठिकाणी उघडा पडतो.

आणि ही वजावट किरकोळ नव्हती. आधीच्या बाळंतपणात वाट अडली होती, या प्रत्यक्ष वैद्यकीय कारणासाठी गणितात जेवढी वजावट होती, तेवढीच किंबहुना किंचित अधिक वजावट बाई काळी असण्यासाठी होती. काळे असणे ही जणू गर्भाशयाची एक व्याधीच.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. बाळंतपण ‘यशस्वी’ झाले की नाही, हे एकट्या गर्भाशयावर ठरत नाही. कळा सुरू असताना किती वेळ थांबायचे, बाईजवळ कोणी बसायचे की नाही, तिच्या तक्रारीवर विश्वास ठेवायचा की नाही, आणि कोणत्या क्षणी ‘आता पुरे, टेबलावर घ्या’ म्हणायचे, हे दुसरेच कोणी ठरवत असते. म्हणजे नोंदवहीत जे उतरले, त्यात डॉक्टरांचे निर्णयही होते, दवाखान्याची घाईही होती, आणि त्या बाईच्या वाट्याला आयुष्यभर आलेले अन्न, काम व अपमानही होते. गणिताने हे सगळे एका रकान्यात भरले आणि त्याला वंश असे नाव दिले. व्यवस्थेने केलेले कृत्य बाईच्या शरीराचा गुणधर्म म्हणून तिलाच परत केले.

यापुढचे चक्र आपल्या ओळखीचे आहे. आकडा कमी आला की डॉक्टर म्हणतो, तुमच्याने हे व्हायचे नाही. शेकडा साठ-सत्तर ही शक्यता बऱ्याच ठिकाणी उंबरठा मानली जात असे. त्याखाली आकडा आला की बाईपुढे दुसरी वाट ठेवलीच जात नसे, किंवा अशा सुरात ठेवली जाई की ती स्वतःच मागे सरावी. मग पुन्हा सिझेरियन. पुढच्या नोंदवहीत काळ्या बाईच्या नावावर आणखी एक सिझेरियन. शाळेची दारे बंद करायची आणि मग यांच्यात बुद्धीच नाही अशी नोंद करायची, पाणवठा बंद करायचा आणि मग हे अस्वच्छ असतात म्हणायचे, हेच ते तर्कशास्त्र. मनूने ते धर्माच्या भाषेत लिहिले. येथे ते शेकडेवारीच्या भाषेत आले.

स्त्रीरोगशास्त्राच्या इतिहासात हे अचानक उगवलेले नाही. १८४५ ते १८४९ या काळात अलाबामातील माँटगोमेरी येथे जे. मॅरियन सिम्स या डॉक्टरने अनार्का, लूसी आणि बेट्सी यांसारख्या गुलाम स्त्रियांवर भूल न देता पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया केल्या. अडलेल्या बाळंतपणानंतर मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यात पडणारे भोक शिवण्याचे तंत्र त्याने त्यांच्या देहांवर बसवले. त्या स्त्रियांची मालकी दुसऱ्याकडे होती, त्यामुळे संमती हा शब्दच तेथे लागू नव्हता. सिम्स पुढे आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणून गौरवला गेला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून त्याचा पुतळा हलला तो २०१८ साली. आणि २०२१ मध्ये अमेरिकेत लाख जिवंत जन्मांमागे गोऱ्या माता मेल्या २६.६, काळ्या माता मेल्या ६९.९. या दोन आकड्यांमधले अंतर कातडीने पाडले, असे ज्याला म्हणायचे असेल त्याने म्हणावे.

आपल्याकडेही माणसाचे शरीर मोजून त्याची पायरी ठरवण्याचा उद्योग झाला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने नाकाची मापे घेऊन जातींची चढउतार मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात याच तऱ्हेची मापे हाती घेतली आणि त्यांतूनच दाखवून दिले की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळ्या वंशांचे ठरत नाहीत. अस्पृश्यतेचे मूळ रक्तात नसून इतिहासात आहे, हा त्यांचा निष्कर्ष. आकड्यांना घाबरून पळायचे नाही, आकडे हातात घेऊन त्यांची उलटतपासणी करायची, हा धडा त्यांनी घालून दिला. मी या गणिताकडे त्याच दृष्टीने पाहते.

अमेरिकेत ही उलटतपासणी झाली. २०१९ मध्ये दर्शली व्यास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गणितातील वंशाच्या वापराला लेखी आव्हान दिले. २०२० मध्ये त्यांनी वैद्यकातील अशा अनेक गणितांचा पंचनामा मांडला. २०२१ मध्ये मूळ संशोधकांच्याच गटाने वंशाचा रकाना काढून नवे गणित प्रसिद्ध केले आणि त्याचा अंदाज जुन्याइतकाच बरोबर येतो असे दिसले. याचा अर्थ तो रकाना नसता तरी शास्त्राचे काही अडले नसते. मग चौदा वर्षे तो तेथे कशासाठी होता?

परंतु रकाना गेला म्हणून आपण टाळ्या वाजवून थांबू नये. नव्या गणितात त्याच्या जागी दीर्घकाळच्या रक्तदाबावर उपचार चालू आहेत काय, असा प्रश्न आला. रक्तदाब हे वैद्यकीय कारण आहे, हे मान्य. पण ज्या समाजाला रोजच्या जगण्यात ताणच खावा लागतो, त्याच्यात रक्तदाबही जास्त असतो. कागदावरून शब्द पुसला तरी जखम शरीरात राहते. आपल्या घटनेने १९५० पासून अस्पृश्यता नष्ट केली, पण गावाबाहेरची वस्ती गावाबाहेरच राहिली. कागद बदलणे आवश्यक आहे. तेवढ्यावर भागत नाही इतकेच.

हा अमेरिकेतला वाद येथे कशाला, असे कोणी विचारील. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे मांडलेल्या गाऱ्हाण्याची माहिती मागवली होती. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव डोळ्यांपुढे ठेवून. त्यांची लढाई समजून घेणे हा आपल्या चळवळीचा जुना शिरस्ता आहे. शिवाय तो रकाना आपल्याकडे छापलेला नसला तरी तो भरला जातो. हे मी माझ्या अनुभवावरून सांगते.

माझे पहिले बाळंतपण सिझेरियनने झाले. दुसऱ्या वेळी दिवस भरत आले तेव्हा डॉक्टरांनी वर न पाहता सांगितले, पहिले सिझर आहे, आता सिझरच. मी कारण विचारले. तेव्हा शेजारची परिचारिका हसून म्हणाली, ‘बाई, तुम्हांला सांगून काय कळणार?’ त्याच वॉर्डात आमच्याच वस्तीतली एक मुलगी कळांनी ओरडत होती, तिला तीच परिचारिका म्हणत होती, ‘तुमच्या लोकांना सवय असते की, एवढं काय ओरडायचं?’ एका वाक्यात आम्हांला बुद्धी नव्हती, दुसऱ्या वाक्यात आम्हांला वेदना नव्हती. दोन्ही वाक्यांनी एकच काम केले. एकाने समजावून सांगण्याचे कष्ट वाचले, दुसऱ्याने जवळ बसण्याचे. संमतीपत्रक इंग्रजीत होते. सही माझ्या नवऱ्याची घेतली. ऑपरेशन झाले, मूल चांगले आहे, मीही जिवंत आहे.

पुढे कितीतरी वर्षांनी मी जुने डिस्चार्ज कार्ड वाचायला शिकले. पहिल्या सिझेरियनचे कारण त्यावर लिहिलेले होते: मूल पायाळू होते. म्हणजे माझी वाट अडलेली नव्हती. दुसरे मूल डोक्यानेच खाली आले होते, तेव्हा पहिल्या खेपेचे कारण दुसऱ्या खेपेला उरलेच नव्हते. छेद उभा होता की आडवा, याची मात्र त्या कार्डावर नोंद नाही आणि निर्णयासाठी सर्वांत आधी तीच लागते. दुसरे सिझेरियन चुकीचे होते असे मी म्हणत नाही. कदाचित रात्री रक्त मिळण्याची सोय तेथे नसेल आणि डॉक्टरांचे बरोबरही असेल. माझे म्हणणे एवढेच की मला विचारले गेले नाही. माझ्या देहाबाबतचा निर्णय माझ्या डोक्यावरून गेला.

येथे एका भाबडेपणापासूनही सावध राहायला हवे. शहरातल्या सुखवस्तू वर्गात नैसर्गिक बाळंतपणाचे एक स्तोत्र हल्ली गायले जाते. आपल्या आज्या-पणज्या कशा शेतात बाळंत होऊन संध्याकाळी भाकरी थापीत, असे कौतुक त्यात असते. त्या आज्यांपैकी किती जणी बाळंतपणात मेल्या, हे त्या स्तोत्रात येत नाही. ज्या बाईला सिझेरियनची गरज असताना ते मिळाले नाही, तिच्यासाठी निसर्ग म्हणजे मरण होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात सरकारी दवाखान्यांतल्या बाळंतपणांपैकी १४.३ टक्के सिझेरियनने झाली, खाजगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के. एकाच देशातल्या बायकांची गर्भाशये दाराची पाटी बदलताच इतकी बदलतात काय? एकीकडे पैशासाठी आणि सोयीसाठी चाकू चालतो, दुसरीकडे हवा तेव्हा चाकू नसतो. दोन्ही ठिकाणी बाईची गरज सोडून दुसरेच काही तरी निर्णय करीत असते. आणि पहिले सिझेरियन गरजेचे होते की सोयीचे, याचे ओझे दुसऱ्या बाळंतपणात बाईच वाहते. कळांची वाट पाहण्याचा अधिकारही, जेथे चोवीस तास शस्त्रक्रियागृह, रक्त आणि भूलतज्ज्ञ आहेत, तेथेच खरा. जेथे ते नाहीत, तेथल्या बाईला तुमची निवड काय असे विचारणे ही थट्टा आहे.

शेवटी आपल्या साहित्याबद्दल दोन शब्द. दलित कवितेत आई फार मोठी आहे. ती राबते, उपाशी राहते, लेकराला शिकवते, आणि कवी तिच्यापुढे नतमस्तक होतो. पण या आईचे गर्भाशय कवितेत येते ते बहुधा प्रतीक म्हणून, क्रांतीला जन्म देणारे. तिच्या पोटावरचा व्रण, तिने विचारलेला किंवा तिला विचारू न दिलेला प्रश्न कवितेत येत नाही. बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ या १९८६ साली पुस्तकरूपाने आलेल्या आत्मकथनात महारवाड्यातली बाळंतपणे आणि बाळंतिणीची भूक आली, तेव्हा आपण तिचे दारिद्र्य वाचले. तिच्या देहावर कोणाची सत्ता आहे, हा प्रश्न पुष्कळांनी वाचलाच नाही. चळवळीच्या पुरुषांनी हे ऐकून घ्यावे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकाची बाजू मांडली आणि १९३८ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने संततिनियमनाच्या सोयींसाठी ठराव आणला. बाळंतपण हा त्यांच्या लेखी राजकारणाचा विषय होता. आपण मात्र तो बायकांच्या खोलीत ढकलून दिला.

आपल्या वस्त्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना, शिक्षकांना, विद्यार्थ्यांना माझे सांगणे साधे आहे. जन्मदाखल्यासाठी आपण जसे भांडतो, तसे डिस्चार्ज कार्डासाठी भांडू या. सिझेरियन का केले आणि गर्भाशयावर छेद कोणता घेतला, या दोन गोष्टी त्यावर लिहून मागू. ते कार्ड मतदार ओळखपत्रासारखे जपू. पुढच्या खेपेला दिवस भरण्याच्या कितीतरी आधी ते डॉक्टरांपुढे ठेवून दोन्ही वाटांचे धोके मराठीत सांगायला लावू. सही बाईची असेल, समजून केलेली असेल. तिने कळांची वाट धरली तरी तो तिचा निर्णय, ऑपरेशन मागितले तरी तो तिचाच.

अमेरिकेतल्या काळ्या बाईच्या नावापुढचा तो रकाना २०२१ साली पुसला गेला. तो छापील होता, म्हणून त्यावर बोट ठेवता आले. आपल्याकडचा रकाना तोंडी आहे. ‘तुम्हांला काय कळणार’ आणि ‘तुमच्या लोकांना सवय असते’ या दोन वाक्यांत तो भरला जातो आणि त्याची कोठे नोंद राहत नाही. ती नोंद करणे, हे यापुढे आपल्या लेखणीचे काम आहे.